जर्मनमध्ये धरलेली झील

"पेनिसिलिनचं काय झालं?" मी विचारलं.

रेणुका माझ्याकडं बघतच राहिली. "कोणतं पेनिसिलिन, मॅडम?"

झालं! मी कपाळावर हात मारून घेतला. सरावातल्या या आजोबांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, चुकूनही द्यायचं नाही, हे मी तिला आत्ता, याच खुर्चीत बसून, जर्मनमध्ये सांगितलं होतं. तिनं मानही डोलावली होती. आजोबांचं नाव तिला आठवत होतं. खोली आठवत होती. संध्याकाळी मुलगी भेटायला येणार आहे, तेही आठवत होतं. मधलं तेवढं गायब.

"अगं बये, आजोबा गेले की तुझे!" मी म्हणाले.

मागच्या बाकावरून नसरीन खुदकन हसली. रेणुका हसली नाही. ती वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करत बसली.

मी बीडमध्ये नर्सेसना जर्मन शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पुन्हा विचारतात. जालना रोडला मेडिकलच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकांनी तोंडावरच विचारलं होतं, "बीडात जर्मन? कावून?" कारण साधं आहे. तिकडच्या दवाखान्यांना नर्स कमी पडतात आणि इकडं नर्सिंग झालेल्या हुशार मुली आहेत. पुण्यातली एक एजन्सी दोघांची गाठ घालून देते. मध्ये भाषेची परीक्षा आडवी येते. माझी सगळी नोकरी पुण्यात एका जर्मन कंपनीत दुभाषी म्हणून झाली. रिटायर झाले आणि माहेरच्या गावी परत आले. घरी बसून करायचं काय? मला बोलायला आणि ओरडायला माणसं लागतात, म्हणून क्लास काढला.

या परीक्षेत एक भाग रिपोर्टचा असतो. दवाखान्यात शिफ्ट बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटचं सांगते. कोण, काय झालंय, कोणतं औषध, काय जपायचं. त्याला रिपोर्ट देणं म्हणतात. परीक्षेत परीक्षक जाणारी नर्स होतो आणि भरभर सांगतो. मुलीनं ऐकायचं, डोक्यात धरायचं आणि मग तिसऱ्या माणसाला नीट सांगायचं. लिहून घेतलेलं चालतं, पण परक्या भाषेत लिहिता लिहिता ऐकायला गेलं की आणखीच पंचाईत होते.

रेणुका धर्मापुरीकडची. बीडच्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूला नर्स होती. ड्युटी संपवून, केसांना तसाच जाळीचा अंबाडा, थेट क्लासला यायची. व्याकरणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाचन, लेखन एकदम चोख. आणि तरी याच रिपोर्टच्या भागात ती एकदा नापास होऊन आली होती. तिथंही हेच झालं होतं. पहिलं आठवलं, शेवटचं आठवलं, मधलं गळालं.

नसरीन नेमकी उलट. फळांच्या व्यापाऱ्याची पोर. घरी दख्खनी, शाळेत उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी. एका भाषेतून दुसरीत उडी मारायची तिला लहानपणापासून सवय. व्याकरणाची पार वाट लावायची, पण अडकायची नाही. शब्द नाही सापडला तर हात हलवून, डोळे मोठे करून वेळ मारून न्यायची.

त्या दिवशी सगळ्या गेल्या तरी रेणुका बसून राहिली.

"मॅडम, माझं नाव काढा."

"कावून?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"माझं डोस्कंच बारकं हाय. मराठीत रिपोर्ट घेते तवा एक गोष्ट सुटत न्हाई. विचारा आमच्या सिस्टरला. जर्मनमधी मधलं समदं सांडतंय. परीक्षेचं जाऊ द्या हो. पण तिथं गेल्यावर खरंच कुणाला पेनिसिलिन टोचलं तर? मी काय करू मग?"

इतक्या मुली शिकवल्या. पास होईन का, व्हिसा कधी मिळेल, थंडी किती असते, हे सगळ्या विचारतात. पेशंटचं काय होईल हे विचारणारी ही पहिली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्यावर जोरात ओरडले. "उद्या वेळेवर ये. नाव काढायचं की ठेवायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या राहुलचा फोन. मुलींची कागदपत्रं, तारखा, सगळं तोच बघतो. पोरगा चांगला आहे, पण घाईचा.

"मॅडम, रेणुकाचं काय? तिकडच्या हॉस्पिटलला नाव कळवायचंय."

"परीक्षा झाल्यावर कळवा."

"या वेळी नाही जमलं तर जागा दुसरीला जाणार. ते थांबायला तयार नाहीत."

"माहितीये मला."

"मग आत्ताच दुसरं नाव टाकू का? म्हणजे धावपळ नको."

"टाकून तर बघा!" म्हणाले आणि फोन ठेवला. तावातावानं ठेवला खरा, पण हातात उपाय काही नव्हता.

इथं थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. स्मरणशक्ती म्हटलं की आपल्याला कोठीची खोली आठवते. डबे, बरण्या, वर्षाचं साठवण. पण बोलताना-ऐकताना लागते ती वेगळी. तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता, या क्षणाला जे चाललंय तेवढंच ओट्यावर मावतं. तो सगळ्यांचाच लहान असतो, तुमचा आणि माझाही. मातृभाषेत माल निवडून, धुऊन, चिरून येतो. ओट्यावर नुसती फोडणी द्यायची. दुसऱ्या भाषेत तसं नसतं. आवाज ओळखा, शब्द शोधा, अर्थ लावा, मराठीत फिरवा. निवडणं, धुणं, चिरणं सगळं त्याच ओट्यावर. मग आधी ठेवलेलं कडेनं खाली पडतं. पहिलं निवांत असताना ठेवलेलं असतं म्हणून टिकतं, शेवटचं ताजं असतं म्हणून टिकतं. मधल्याला वाली नाही.

म्हणजे रेणुकाचं डोकं बारकं नव्हतं. ओट्यावर गर्दी झाली होती. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं हाय. पन पडतंय ते पडतंयच ना?" बरोबरच होतं तिचं.

मग मी जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. छोटे रिपोर्ट, मग मोठे रिपोर्ट. हळू, मग भरभर. आकडे उलटे म्हणायला लावले. डोळे मिटून ऐकायला लावलं. ती बिचारी डोळे गच्च मिटायची, ओठ त्याहून गच्च. इंजेक्शन घेताना पोरं बसतात तशी. सुधारणा शून्य. माझे नाकी नऊ आले आणि तिचा चेहरा रोज थोडा उतरत गेला.

त्याच सुमारास लिंबागणेशला माझ्या भाच्याचं लग्न झालं. लग्नानंतर गोंधळ घालायची आमच्याकडं रीत आहे. भावजय म्हणाली, चांगला गोंधळी बघून दे. मला लांब जायची गरज नव्हती. रेणुकाचे वडील अंबादासअप्पा पिढीजात गोंधळी. देवीचा चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्यावर गाणारे. मी रेणुकाला सांगितलं आणि अप्पांचा मेळ ठरला. हल्ली गोंधळ रात्रभर चालत नाही. सगळ्यांना सकाळी कामं असतात. दिवेलागणीला सुरू झाला.

पाहते तर काय, अप्पांच्या मागं रेणुका उभी. तिचा चुलता नेहमी झील धरायचा. त्याचा आवाज बसला म्हणून ही आली होती. झील म्हणजे काय, तेही सांगते. मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि मागचा माणूस तिची शेपटी उचलून पुन्हा म्हणतो. तेवढ्यात पुढच्याला श्वास घ्यायला सवड मिळते. कथा सुरू झाली की हाच मागचा माणूस मध्येच "मग? कोण आला म्हणता?" असं विचारतो, खोडी काढतो, आणि कथा पुढं सरकते.

अप्पांनी देवांना बोलवायला सुरुवात केली. गावोगावचे देव, आमच्या कुळाचे, सुनेच्या माहेरचे. मध्येच यजमानांची नावं, व्याह्यांची नावं. शेजारी संबळ कडाडतंय, पोरं ओरडतायत, कुणीतरी चहा विचारतंय. आणि रेणुका अप्पांच्या तोंडातून शब्द सुटला की त्याचं शेपूट पकडत होती. एक नाव सुटलं नाही. कथेत तर तिनं धमाल केली. अप्पांनी माझ्या भाच्याची सगळी मावसमंडळी एका दमात सांगितली आणि पुन्हा म्हणताना मधली एक गाळली, तर हिनं विचारलं, "आन् परळीवाल्या मावशीला मधीच कुठं ठिवलं?" सगळा मांडव हसला. मी मात्र ताठ बसले. मधीच! हिला मधलं आठवत होतं!

जेवणाच्या पंगतीत तिला गाठलंच.

"हे सगळं पाठ होतं ना तुला?"

"पाठ कसं असंल, मॅडम? नावं तुमची, मावश्या तुमच्या. मी पयल्यांदाच ऐकले. आन् अप्पा दरवेळी कथा वेगळीच सांगत्यात."

"मग डोक्यात ठेवतेस कशी?"

"ठिवत न्हाई. शेपूट धरते आन् म्हनते. म्हनलं की ऱ्हातंय."

"मग जर्मन ऐकताना का नाही म्हणत?"

मी वेडी असल्यासारखी ती माझ्याकडं बघायला लागली. "वर्गात? ओठ हलले की गुरुजी पट्टी मारायचे. ऐकताना तोंड बंद ठिवायचं असतंय ना?"

माझ्या हातातला बुंदीचा लाडू हातातच राहिला. ओट्यावरची वस्तू पडू नये म्हणून माणूस ती मनातल्या मनात घोळवतो. एखादं नाव लक्षात ठेवायचं असलं की आपण पुटपुटत जातो, तेच. ही मुलगी ते काम चारचौघांत, संबळाच्या गजरात, लहानपणापासून करत आली होती. आणि माझ्या वर्गात शिरली की चांगल्या विद्यार्थिनीसारखी तोंडाला कुलूप लावून बसायची. वर प्रत्येक शब्दाचं मराठी करत बसायची. मग मधलं पडणार नाही तर काय होणार?

दुसऱ्या दिवशी क्लासात मी जाहीर केलं, आजपासून रेणुका जर्मनमध्ये झील धरणार. नसरीन रिपोर्ट देणार.

पहिला दिवस पूर्ण फसला. रेणुका अख्खं वाक्यच्या वाक्य परत म्हणायला लागली. तोंड चालू, अर्थ बंद. शेवटी विचारलं तर आजोबांचं नावसुद्धा सांगता येईना.

"मॅडम, ये तो पूरा तोता हो गई," नसरीन म्हणाली.

माझं डोकं तापलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेणुका स्वतःच उठून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जोर होता.

"मॅडम, झील अशी नसती. आख्खी ओळ घेत न्हाईत. शेवटचे दोन शब्द फकस्त. आन् पुढचा श्वास घेतो तवाच."

"परीक्षक कुठं थांबतोय श्वास घ्यायला?"

"मग थांबवायचं. 'मग?' म्हनायचं. अप्पाबी थांबत्यातच की."

मी खुर्चीत बसले. ती म्हणत होती ते दवाखान्याच्या कामात चालण्यासारखं होतं. तिकडं ऐकलेलं परत म्हणून खात्री करणं हे सावधपणाचं लक्षण धरतात. कंपनीतले माझे जर्मन इंजिनिअरही मापं परत म्हणून घ्यायचे. आणि जर्मन वाक्य पुष्कळदा आपल्यासारखंच, कामाची गोष्ट शेपटाला ठेवतं. 'देऊ नये', 'जेवणानंतर', 'उद्यापासून', हे सगळं शेवटी. म्हणजे झील धरायला भाषा अगदी सोयीची.

मग नियम ठरले. मराठी करायचं नाही. शेपूट जर्मनमध्येच धरायचं, हळू आवाजात. सुटलं तर लाजायचं नाही, 'उंड डान?' म्हणून विचारायचं. उंड डान म्हणजे 'आणि मग?' नसरीन बाजारातल्यासारखी भरभर रिपोर्ट ओरडायची आणि बाकावर थाप मारून संबळ वाजवायची, मुद्दाम, लक्ष उडावं म्हणून. रेणुका शेपूट धरायची. नाख डेम एसन, जेवणानंतर. आप मॉर्गन, उद्यापासून. मध्ये अ‍ॅलर्जी आली की तिचा आवाज आपोआप चढायचा.

एकदा घरमालक जिना चढून वर आले. "मॅडम, जर्मनीत बी गोंधळ घालतेत का?"

"घालतात. वर्गणी द्यायची का?" मी विचारलं. ते आले तसे खाली गेले.

हळूहळू मधलं टिकायला लागलं. सगळं नाही, पण पेनिसिलिन टिकायला लागलं. रेणुका एकदा जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, नाव ऱ्हाऊ द्या." मी नुसतं 'हं' म्हणाले. ती गेल्यावर मात्र जरा डोळे पुसले.

परीक्षा पुण्यात. मी दोघींबरोबर गेले. काही कारण नव्हतं जायचं, पण घरी बसवेना. रेणुका आत गेली आणि मी बाहेर बाकावर. नसरीन माझ्या शेजारी सफरचंद खात होती. "मॅडम, तुमी कावून पुटपुटता?" तिनं विचारलं. मी पुटपुटत होते हे मला माहीतच नव्हतं.

रेणुका बाहेर आली ती पांढरीफटक.

"काय झालं?"

"अडकले."

"कुठं?"

"बाई लई भरभर बोलायली होती. आन् उच्चार तुमच्यासारखा न्हाई, काहीतरी गावाकडचा. तिसऱ्या वाक्याला पार कोरी झाले. वाटलं, गेलं."

"मग?"

"मग उंड डान म्हनले. ती थांबली. मग झील धरली. शेवटपर्यंत धरली." तिनं श्वास घेतला. "मधी तिनं विचारलं, तुम्ही माझे शब्द परत का म्हणताय? मला वाटलं चुकलं काहीतरी."

"काय सांगितलंस?"

"म्हनले, पेशंटचं काही चुकू नये म्हनून."

"जर्मनमध्ये?"

"मग काय मराठीत सांगू का तिला?"

मी आणि नसरीन दोघी एकदम हसलो. ते वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. ते तिनं तिथं उभ्या उभ्या केलं होतं, आणि व्याकरण विचाराल तर एक चूक नाही.

ती पास झाली. नसरीनही झाली, काठावर. राहुलचा फोन आला. "मॅडम, कमाल केलीत."

"मी नाही केली. तुम्ही दुसरं नाव टाकलं नाही, त्याबद्दल आभार," मी म्हणाले. खरंच मानले आभार. घाईचा असला तरी थांबला पोरगा.

जायच्या आधी अप्पांनी धर्मापुरीला घरी गोंधळ घातला, लेकीसाठी. मला मानानं बोलावलं, साडी नेसवली. मी म्हणाले, अप्पा, आहेर मी तुम्हाला आणायला हवा होता. तुमच्या घरातली विद्या मी फुकट वापरली. अप्पा म्हणाले, "बाई, पोरीला लई धीर दिला तुमी. तिची आई म्हनायची, ही कुठं जाती." मग बोलता बोलता मला पुढं ओढलं आणि झील धरायला उभं केलं. आयुष्यभर दोन भाषांमध्ये उभं राहून पोट भरलेली बाई मी. दुसऱ्याच ओळीला शेपूट सुटलं. सगळं अंगण हसलं, रेणुका सगळ्यात जास्त. मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

माझ्या धंद्यात मी दिलं त्यापेक्षा मला मिळालंच जास्त. रेणुकानं मला दिलं ते मी आता प्रत्येक बॅचला देते आणि तिचं नाव घेऊन देते. ऐकताना कुणाचे ओठ हलले तर मी ओरडत नाही. ज्यांचे हलत नाहीत त्यांच्यावर ओरडते.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगात निळा युनिफॉर्म, मागं बर्फ. कोट घाल, जेवण कर, असं माझं नेहमीचं चालू होतं. माझं बोलणं तोडत ती म्हणाली,

"मॅडम, काल रिपोर्ट घेताना मधीच पेनिसिलिन आलं."

"मग?"

"मग काय? आजोबा आज सकाळी ब्रेड खात बसले होते."